तीन दिवसांत उत्तर न आल्यास

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. संकल्प एकच: कमी बोलायचे, पण नेमके बोलायचे. यातले कमी बोलणे मला उपजतच येते, म्हणजे अर्धा संकल्प वही उघडताच तडीस गेला. राहिलेला अर्धा वर्षाअखेरपर्यंत सहज होईल.

४ सप्टेंबर, संध्याकाळ

आज छापखान्यात एक घटना घडली. घटना हा शब्द मी जपून वापरते.

मी आणि तोफ वाचन-खोलीत समोरासमोर बसतो. ती मूळ कागदावरचे मोठ्याने वाचते, मी छापील प्रूफावर पेन्सिल फिरवत जाते. जुळले नाही की थांबायचे. विरामचिन्हेही उच्चारायची असतात, म्हणून ती ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ असे ठणकावून म्हणते. बाइंडिंगच्या मावशींना ते दोन भिंतींपलीकडे ऐकू जाते. तोफ हे नाव मावशींनीच ठेवले. माझे नाव टाचणी. अंगकाठीवरून असावे. मावशी म्हणतात, अंगकाठीवरून नाही बाई, टोचतेस म्हणून. मावशींचा शब्दांचा अभ्यास नाही.

चार वर्षे झाली. घरही एकच आहे, दोन खोल्यांचे. घरीसुद्धा तिचे वाचन सुटत नाही. चहा झाला पूर्णविराम. आंघोळीला कोण जातंय प्रश्नचिन्ह.

सध्या परिचारिकांसाठीचे औषधांच्या मात्रांचे पुस्तक चालू आहे. सहाशे बारा पाने, निम्मे आकडे. अशा कामात दोन माणसांचा श्वाससुद्धा जुळावा लागतो. आमचा जुळतो.

तर घटना. मुख्य मुद्रितशोधक, म्हणजे आमचे काका, दुपारी येऊन म्हणाले, आपली दुसऱ्या शहरात शाखा निघतेय, तिथे एक वाचक हवा. एकच. कायमची बदली, पगार थोडा बरा. अर्ज पंधरा तारखेपर्यंत. तोफेने माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी एका स्वल्पविरामाकडे पाहत होते. तो स्वल्पविराम खरोखरच संशयास्पद होता.

५ सप्टेंबर

घरी येताना तोफेने विचारले, काय गं, तुला काय वाटतं त्या शाखेबद्दल?

मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, संधी चांगली आहे.

या वाक्याचा अर्थ कुणालाही कळावा. संधी चांगली आहे, तरीही तू ती नाकारशील, कारण काही गोष्टी संधीपेक्षा मोठ्या असतात. उत्तरार्ध उच्चारला असता तर वाक्य पसरट झाले असते. चार वर्षे समोर बसलेल्या माणसाला उत्तरार्ध सांगावा लागत नाही.

तोफ भाजीच्या दुकानापर्यंत गप्प होती. तिची दाढ पुन्हा दुखत असावी. लवंग आणून ठेवली.

६ सप्टेंबर, बुधवार

सकाळी तोफेने अर्जाचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, जरा बघून दे. मग उगाचच टेबलाचा कोपरा पुसत उभी राहिली.

तिने अर्ज लिहिलाच कसा, हा प्रश्न मला पडला. पण तोफ उत्साही आहे, ती लॉटरीचे तिकीटही घेते. अर्ज लिहिणे म्हणजे जाणे नव्हे.

पहिले वाक्य असे: ‘मी नव्या शाखेत जाण्यास तयार आहे.’ त्याच्या शेजारी समासात, आमच्या खोलीच्या रीतीप्रमाणे, तिने पेन्सिलीने शंका काढली होती: ‘? हे वाक्य ठेवू की काढू?’

मी ते वाक्य चार वेळा वाचले. वाक्य निर्दोष आहे. मला ते मुळीच आवडले नाही, पण तो आशयाचा भाग झाला. वाचन-खोलीच्या भिंतीवर जे तीन नियम आहेत ते माझ्याच हस्ताक्षरात आहेत:

एक, आशयाला हात लावू नये.
दोन, शंका पेन्सिलीने समासात लिहावी.
तीन, प्रत्येक शंकेला लेखी उत्तर द्यावे; तीन दिवसांत उत्तर न आल्यास मजकूर मान्य समजून पुढे पाठवावा.

तिसरा नियम माझी सूचना. लेखक मंडळी शंकांवर महिनोन्‌महिने बसून राहत. आता कसे सुतासारखे सरळ झाले आहेत.

तेव्हा पहिल्या नियमाला अनुसरून मी त्या शंकेपुढची जागा कोरी ठेवली. ‘ठेव’ असे मला लिहवले नाही, हे ती रिकामी जागा पाहून कळेल आणि तोफेच्या डोळ्यांत पाणी येईल. उरलेल्या अर्जात चौदा दुरुस्त्या केल्या. एवढे मन लावून मी क्वचितच काम केले असेल. लाल पेन संपले.

७ सप्टेंबर

अर्ज परत दिला. तोफेने दोन्ही पाने उलटसुलट केली, पाठकोरी बाजूसुद्धा पाहिली. मग म्हणाली, एवढंच?

मी म्हणाले, शेवटच्या परिच्छेदात आणखी एक जागा होती, पण ती चालून जाईल.

ती म्हणाली, बरं.

मला वाटते तिला पोचले.

८ सप्टेंबर, शुक्रवार

काहीतरी बिनसले आहे. पुरावे:

सकाळी चहा एकच कप. तोही तिने उभ्याने प्यायला. ‘पूर्णविराम’ म्हणाली नाही. दाराला कुलूप लावताना माझी वाट पाहिली, पण पाठमोरी.

कामात मात्र आवाज नेहमीसारखा. म्हणजे आवाज तोच, पण त्यात कुणी नव्हते. ‘पाव चमचा स्वल्पविराम दिवसातून तीनदा पूर्णविराम’ असे सपाट. मी दोनदा मान वर केली. तिने कागदावरून नजर काढली नाही.

विचारांती कारण सापडले: चौदा दुरुस्त्या. कुणालाही लागतील. मी सहृदय असायला हवे होते. आठावर थांबता आले असते.

ठरले. उद्या क्षमा मागायची. अवघड आहे, पण मैत्री म्हणजे काही खाऊ नाही.

९ सप्टेंबर, सकाळी ८.१०

क्षमा मागितली. शब्द आधी पाठ केले होते. म्हणाले, तुझ्या अर्जातल्या दुरुस्त्या अंमळ जास्त झाल्या. त्यांतल्या दोन मी मागे घ्यायला तयार आहे, सहावी आणि अकरावी.

तोफ हसली. हसतच राहिली. मग न्हाणीघरात गेली आणि चाळीस मिनिटे नळ चालू होता.

हसली, हे महत्त्वाचे. गैरसमज मिटला.

१० सप्टेंबर, रविवार

मिटलेला नाही. तोफ सकाळपासून तिच्या मावसबहिणीकडे. निघताना सांगितले नाही. कपाटावर चिठ्ठी: ‘उशीर होईल.’ तिच्या चिठ्ठ्यांवर एरवी एक चेहरा काढलेला असतो, जीभ बाहेर काढलेला. मागे एकदा मी सांगितले होते की ते शोभत नाही. आज तो नव्हता, आणि मी चिठ्ठीची मागची बाजूही पाहिली.

दुपारी आईचा फोन. तिला थोडक्यात सांगितले, अठरा मिनिटांत. आई म्हणाली, ती जाणार की राहणार?

मी म्हणाले, राहणार, ते गृहीतच आहे.

आई म्हणाली, तू तिला राहा म्हणालीस का?

मी म्हणाले, तसं थेट म्हणणं म्हणजे तिच्या भवितव्यात ढवळाढवळ. मी ते सूचित केलंय.

आई म्हणाली, अगं बये, सूचित काय करतेस! तोंडात मूग धरलेत का? ‘जाऊ नकोस’ म्हण की. दोन तर शब्द. तुझ्या बापानंही असंच सूचित करत सहा वर्षं घालवली, शेवटी मीच विचारलं म्हणून तू आहेस.

आईचे मन चांगले आहे. शैली बाळबोध आहे.

मात्र तिच्या बोलण्यातला गाभा घेण्यासारखा आहे. काहीतरी बोलले पाहिजे. दोन शब्दांत नव्हे. विषयाला न्याय मिळेल असे.

११ सप्टेंबर

भाषणाचा आराखडा. (भाषण हा शब्द तिच्यासमोर वापरायचा नाही. ‘सहज बोलणे’ म्हणायचे.)

प्रस्तावना. मैत्रीचे स्वरूप. मग पहिली भेट: मुलाखतीला आम्ही दोघी एकाच बाकावर होतो, माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि तिने काकांना सांगितले होते, सर, हिला बोलता येत नाही पण हिला सगळं येतं, मला काहीच येत नाही पण मला बोलता येतं, आम्हांला जोडीनं घ्या. काकांनी घेतले. हा भाग चांगला उतरला आहे, फक्त लिहिताना मध्येच थांबावे लागले. डोळ्यांत काहीतरी गेले होते.

त्यानंतर शाखेचे गुणदोष, समतोलपणे. समारोपात मुख्य मुद्दा.

सात पाने झाली. उद्या पक्की प्रत. परवा, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर सहज बोलायचे.

१२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३

आज आमच्या हातून एक चूक झाली.

लहान मुलांच्या औषधाच्या तक्त्यात ‘अर्धा चमचा’च्या जागी ‘दीड चमचा’ छापले गेले होते आणि आम्ही ते पुढे जाऊ दिले. तिने ‘अर्धा’ वाचले होते की नाही, मला आठवत नाही. मी पाहत होते की नाही, तेही आठवत नाही. मी तिच्या गालावरचा खळीचा भाग पाहत होते. तो हलतो का ते. शेवटच्या नजरेत काकांनी पकडले.

चार वर्षांत पहिली.

काका ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पोरींनो, हे पुस्तक उशाशी घेऊन कुणीतरी नर्स रात्रपाळी करणार आहे. मग म्हणाले, तुमच्या दोघींत काही बिनसलंय का?

आम्ही दोघी एकदम म्हणालो, नाही.

एकाच क्षणी, एकाच सुरात. ज्यांचे बिनसले आहे त्यांना इतकी एकवाक्यता साधेल का? मला फार धीर आला. तोफेच्या चेहऱ्यावरून मात्र तसे दिसले नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज बोलायचे होते. पक्की प्रत पर्समध्ये. जिन्यावर पोचले, तोफ डबा उघडून बसलेली, शेजारी माझ्यापुरती जागा. सर्व अनुकूल.

तेवढ्यात बाइंडिंगच्या मावशी आल्या आणि त्याच जागेवर बसल्या.

मावशी म्हणाल्या, काय गं तोफे, तू चाललीस म्हणे? मग ही टाचणी कुणाच्या अंगरख्याला लागणार?

तोफेने माझ्याकडे पाहिले. जिन्यावर ऊन होते आणि तिचा घास हातातच होता.

मावशी म्हणाल्या, बोल की गं तू! तुझं कसं होणार?

आता सात पाने तिसऱ्या माणसासमोर वाचता येत नाहीत. पण उत्तर देणे भाग होते, आणि मला तिच्या मनावर ओझे टाकायचे नव्हते. मी म्हणाले, मला काय, मला कुणीही वाचून दाखवलं तरी चालतं.

यातली त्यागाची छटा सूक्ष्म आहे. मी तिकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून किंचित हसलेही.

तोफेने डबा मिटला. म्हणाली, पोट भरलं. डब्यात तीन घास तसेच होते, मी मोजले.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, देवानं तुला जीभ दिलीय ती काय पाकीट चिकटवायला?

अशा वातावरणात गांभीर्याने काही बोलणे अशक्यच आहे. उद्या.

१४ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ८

आनंदाची वार्ता! आधी क्रमाने.

साडेपाचला खोलीत आम्ही दोघीच. तोफेने पर्स खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. दारात उभी राहिली आणि म्हणाली, टाचणे, तुला मला काही सांगायचंय का?

सांगायचे होतेच. प्रत हाताशी होती. परंतु तिसऱ्या पानावरून चौथ्यावर जाताना दुवा निखळतो, हे मला दुपारीच जाणवले होते. तिथे एक वाक्य हवे आहे. अर्धवट काही सांगून सगळ्याचा विचका करण्यापेक्षा थांबलेले बरे. मी म्हणाले, आहे, पण घाई नाही. सावकाश बोलू.

ती म्हणाली, सावकाश.

तिने तो शब्द उच्चारला तसा मी कधी ऐकला नव्हता. मग ती काकांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून दिसत होते. तिने पर्समधून पाकीट काढले, काकांपुढे ठेवले, काकांनी खांद्यावर थोपटले. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

आता तर्क. अर्ज भरायचाच असता तर ती आनंदात असती. रडत कोण अर्ज देते? म्हणजे पाकिटात नकाराचे पत्र होते. मोठी संधी सोडताना माणसाला वाईट वाटणारच, त्याचे अश्रू. माझी कोरी जागा, माझी सूक्ष्म छटा, सगळे पोचले. एक शब्दही वाया न घालवता.

येताना दोन नव्या पेन्सिली घेतल्या. एक तिला.

तिने घेतली आणि विचारले, ही कशाला?

मी म्हणाले, लागेलच.

१५ सप्टेंबर

सुखाचा दिवस. तोफ गप्प आहे, पण तो निर्णयानंतरचा थकवा. भाषण फाईलला लावले. कधीतरी निबंध म्हणून उपयोगी पडेल.

१८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.२०

काकांनी सर्वांसमोर सांगितले. तोफेची निवड झाली. पंचवीस तारखेला निघायचे.

मग म्हणाले, सतरा अर्ज आले होते. इतका निर्दोष अर्ज मी तीस वर्षांत पाहिला नाही. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

सुमारे चार मिनिटे मला अतिशय अभिमान वाटला.

१८ सप्टेंबर, दुपारी

मावशींनी टाळ्या वाजवल्या आणि मग वाजवता वाजवता माझ्याकडे पाहून थांबल्या.

मी तोफेचे अभिनंदन केले. हस्तांदोलन केले. आम्ही याआधी कधी हस्तांदोलन केले नव्हते. तिचा हात कोरडा होता आणि माझा ओला. ती म्हणाली, थँक्यू. आम्ही याआधी कधी थँक्यूही म्हणालो नव्हतो.

१९ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. अजून सहा दिवस आहेत. निवड म्हणजे जाणे नव्हे. भाषणात आता नवा परिच्छेद लागेल: बदललेल्या परिस्थितीबाबत. संकल्प: गुरुवारपर्यंत नवी पक्की प्रत.

२१ सप्टेंबर, गुरुवार

प्रत अकरा पाने झाली आहे. तोफ खोके भरते आहे. घरात खोक्याच्या चिकटपट्टीचा आवाज. प्रत्येक वेळी पट्टी ओढली की मी दचकते आणि जागा चुकते.

तिने विचारले, ही कढई तुझी की माझी?

मी म्हणाले, तुझी.

वास्तविक ती आम्ही मिळून घेतली होती. ‘आपली’ म्हणायला हवे होते. पण तिने दोनच पर्याय दिले होते.

तिने कढई खोक्यात ठेवली, परत काढली आणि ओट्यावर ठेवून दिली.

२३ सप्टेंबर

आईला फोन करणार होते. केला नाही. तिला पुन्हा तेच दोन शब्द सुचतील.

२४ सप्टेंबर, रविवार

ठरले. बसस्थानकावर. निरोपाच्या क्षणी माणसाचे मन मऊ असते. अकरा पाने तेवढ्या वेळात वाचून होणार नाहीत, म्हणून सारांश केला आहे: एक पान. त्यातले अधोरेखित वाक्य विसरायचे नाही.

तोफेच्या गादीवर चादर नाही. तिच्या खिडकीशेजारी जिथे आरसा होता तिथे भिंत स्वच्छ आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.५०

बस सातला सुटली.

खोके वर चढवले. तिकीट पाहिले. पाण्याची बाटली घेतली. मग दोन मिनिटे उरली आणि आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, मध्ये टेबल नसताना.

तोफ म्हणाली, येते गं.

मी सारांश काढायला पर्समध्ये हात घातला. मी म्हणाले, तुझ्या बॅगेची चेन उघडी आहे.

तिने चेन लावली. वर चढली. खिडकीतून हात केला नाही. कदाचित ती खिडकी दुसऱ्या बाजूची होती.

चेन खरोखर उघडी होती. वाटेत काही पडले असते तर? अशा वेळी आधी व्यवहार पाहावा लागतो.

२७ सप्टेंबर

आता काका मला वाचून दाखवतात, नवी व्यक्ती मिळेपर्यंत. त्यांचा आवाज ढगाआडून आल्यासारखा. ‘पूर्णविराम’ म्हणतच नाहीत, नुसते थांबतात. वाक्य संपले की काकांना धाप लागली, हे मला कळत नाही.

मला कुणीही वाचून दाखवले तरी चालते, असे मी म्हणाले होते. ते तत्त्वतः खरे आहे.

३० सप्टेंबर

तोफेचा मेसेज: ‘खोली मिळाली.’ दोनच शब्द. थंडपणा जाणवतो. तिला माझ्याविषयी काही राग असेल तर तिने तो उघड बोलायला हवा. माणसे मनात ठेवतात आणि मग गैरसमज होतात.

उत्तराचे तीन मसुदे केले. पहिला फार लांब, दुसरा फार कोरडा, तिसऱ्यात ‘तिथे’ तीनदा आले आहे.

४ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १.१५

मात्रांच्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आले. जुने संदर्भ हवे होते म्हणून तोफेच्या बाजूचा खण उघडला. ती सगळे आवरून गेली आहे. फक्त एक फाईल. वर तिच्या अक्षरात, ‘कार्यालयीन प्रत’. आमच्याकडे प्रत्येक कामाची एक प्रत ठेवतात. तिने अर्जाचीही ठेवली होती. म्हणजे तो कच्चा मसुदा, माझ्या लाल चौदा दुरुस्त्यांसह.

पहिले वाक्य. शेजारी तिची पेन्सिलीची शंका: ‘? हे वाक्य ठेवू की काढू?’ तिच्याखाली तारीख, ६ सप्टेंबर. मी ठेवलेली कोरी जागा.

कोऱ्या जागेखाली तिने, नियमाप्रमाणे, बारीक पेन्सिलीने नोंद केली आहे. एकाखाली एक.

‘९ सप्टें. उत्तर नाही. मुदत वाढवली.’

‘१२ सप्टें. उत्तर नाही. मुदत वाढवली.’

‘१४ सप्टें. तोंडी विचारले. उत्तर नाही. मजकूर मान्य. पुढे पाठवले.’

खाली तिची सही. आणि सहीच्या बाजूला तो चेहरा, पण जीभ आत.

भिंतीवर माझ्या अक्षरातला तिसरा नियम आहे. मी तो उठून वाचला. मुदत तीन दिवस. तिने आठ दिवस वाट पाहिली. मी लावलेला एकही नियम या खोलीत कुणी कधी मोडला नव्हता.

दुपारी १.४०

काका जेवून आले. म्हणाले, सुरू करू या? मी म्हणाले, पाच मिनिटं. ते माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, दहा घे.

त्या कोऱ्या जागेत मी ‘काढावे’ असे लिहिले. तारीख घातली. मोठ्याने वाचून पाहिले, कारण लिहिलेले कुणीतरी वाचायला लागते. मावशींनी भिंतीपलीकडून विचारले, काय काढायचं गं?

दुपारी १.४८

फोन काढला. मसुदा केला नाही. तपासले नाही. आईची शैली वापरली. लिहिले, ‘जाऊ नकोस’, आणि बोट काही विचारायच्या आत पाठवून दिले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी न तपासता बाहेर गेले.

दुपारी १.५४

तोफेचे उत्तर आले.

‘कुठे प्रश्नचिन्ह’

दुपारी २.०५

प्रश्न रास्त आहे. ती जाऊन नऊ दिवस झाले.

पण ‘प्रश्नचिन्ह’ तिने अक्षरांत लिहिले आहे, हे मी चार वेळा पाहिले. काका समोर येऊन बसले आहेत. सविस्तर उत्तराचा मसुदा करायला घेतला आहे. घाई नाही, नियमाप्रमाणे तीन दिवस आहेत.